बाप झाल्यावर पुरुषाच्या आयुष्यात आणि विचारांत नेमका काय बदल होतो?

पहिला बदल झोपेत. दाराशी ढोल वाजला तरी न उठणारा मी, मुलगी दुपट्यात नुसती चुळबुळली तरी जागा व्हायला लागलो. दूध आई पाजायची, ढेकर काढायला खांद्यावर घ्यायचं काम माझं. रात्री तीनला ती इवलीशी हनुवटी खांद्यावर टेकायची, मानेला दुधाचा ओलसर वास लागायचा. पाठ थोपटता थोपटता ढेकर आला की काहीतरी मोठं काम पार पडल्यासारखं वाटायचं.

हे नुसतं मनाचं नाही. फिलिपिन्समधल्या तरुणांवरच्या २०११ च्या अभ्यासात बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटलेलं दिसलं. रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांचं करणाऱ्या बापांमध्ये ते मुलांचं न करणाऱ्यांपेक्षा कमी होतं.

म्हणून सुरुवातीचे दिवस घरी मिळायलाच हवेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत कायद्याने तशी सक्ती नाही. मला तीन दिवस मिळाले, त्याचा राग अजून आहे.

बाकी हेल्मेट, विमा, खर्चाला लगाम हे आपोआप येतं. खरं बदललं ते बाबांकडे बघणं. दुसऱ्या पाळीहून ते यायचे तेव्हा आम्ही झोपलेले असायचो. त्यांना आमची काळजी नाही, असं मी कित्येक वर्षं मानलं. दीड महिन्याची लस टोचल्यावर मुलीला ताप आला, त्या रात्री माझ्या आईने फोनवर सांगितलं, "बाबा रोज आल्यावर आधी तुझ्या कपाळाला हात लावून बघायचे, मग जेवायचे."