गोपनीय कागद फुटले, आता छापायचं काय?

प्रश्न : सरकारचे गोपनीय कागद फुटले, तर वर्तमानपत्रानं ते छापावेत का? छापले तर सैनिकांच्या जिवाशी खेळ, दाबले तर लोकांशी लबाडी. मग ठरवायचं कसं?

उत्तर : शिक्क्यावरून नव्हे, ओळीओळीवरून. शिक्का अख्ख्या फायलीवर बसतो, धोका असतो तो तिच्यातल्या मोजक्या ओळींत. खबऱ्याचं नाव, तुकडीचा मुक्काम, पुढच्या कारवाईची वेळ गाळायचीच. बेकायदा पाळत, लोकांना सांगितलेलं खोटं हे मात्र छापायचं. त्यानं सरकारची अब्रू जाते, देशाची सुरक्षा नाही. आणि सरकारं या दोहोंची गल्लत फार सहज करतात.

अमेरिकेचे लष्करी विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांनी हेच केलं. व्हिएतनाम युद्धावरचा अमेरिकेचा गुप्त अहवाल ४७ खंडांचा, सुमारे ७,००० पानांचा. तो त्यांनी फोडला, पण त्यांतले वाटाघाटींचे ४ खंड वर्तमानपत्रांना दिलेच नाहीत. ३० जून १९७१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी छपाईवरची बंदी नाकारली. पण छापण्याआधी रोखणं वेगळं आणि नंतर खटला भरणं वेगळं. एल्सबर्ग यांच्यावर खटला झालाच. सरकारचेच गैरप्रकार उघड झाल्यानं तो १९७३ मध्ये रद्द झाला.

छापण्याआधी सरकारची बाजू जरूर विचारा. ‘धोका आहे’ एवढ्यावर ऐकू नका. कोणत्या ओळीनं, कुणाला, कसा, हे विचारा आणि उत्तराला मुदत द्या. मूळ प्रत मात्र दाखवू नका. बरेच रंगीत लेझर प्रिंटर कागदावर सहज न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात. त्यांत यंत्राचा क्रमांक आणि छपाईची वेळ असू शकते, त्यावरून कागद देणारा सापडतो.

प्रश्न : काळी पट्टी मारूनही नावं बाहेर कशी येतात?

उत्तर : पट्टी वर बसते, अक्षरं खाली तशीच राहतात. २००५ मध्ये इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कॅलिपारी बगदादमध्ये अमेरिकी सैनिकांच्या गोळीबारात मारले गेले. अमेरिकी लष्करानं चौकशी अहवालाची पीडीएफ पट्ट्या मारून दिली. वाचकांनी मजकूर निवडून दुसरीकडे पेस्ट केला आणि सैनिकांची नावं उघडी पडली.

म्हणून आधी अक्षरं खोडा, मग पट्टी मारा. तयार फाइलमध्ये ते नाव शोधून बघा, सगळा मजकूर कोऱ्या पानावर पेस्ट करून बघा. फाइलच्या माहितीत लिहिणाऱ्याचं नाव दडलेलं असतं, तेही पुसा. आणि पट्ट्या एकाच मापाच्या ठेवा. तीन अक्षरांच्या नावावर तेवढीच पट्टी असली, की ओळखणारा ओळखतो.