पसंतीक्रम लेकीचा, हुरहुर आईची

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मिरजेच्या. लेकीला सीईटीत उत्तम पर्सेंटाइल मिळालेत. तिला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करायचंय आणि वर्षभर तिच्या तोंडी पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचंच नाव होतं. पण परवा कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीचा पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना तिने सांगलीचं वालचंद कॉलेज एक नंबरवर टाकलं आणि म्हणाली, “घरचं जेवण तरी मिळेल.” तुम्हाला बरं वाटलं, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण चार दिवसांपूर्वी तिने तुम्हाला देवघरापाशी रडताना पाहिलं होतं. ‘मी तिला अडवलं का?’ असं तुम्ही विचारता. पत्राच्या शेवटी खाडाखोड करून आणखी एक ओळ आहे: ‘कधी वाटतं, चला, सकाळी सहाचा डबा सुटेल. मग स्वतःचीच लाज वाटते.’

आधी घाईचं बोलते, कारण फॉर्म अजून कन्फर्म केलेला नाही.

पहिल्या फेरीत एक नंबरची पसंती मिळाली की ती जागा ‘ऑटो-फ्रीझ’ होते. पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. वालचंद वर राहिलं तर तिचे पर्सेंटाइल पाहता तिथलं इलेक्ट्रिकल तिला पहिल्याच फेरीत मिळेल आणि पुण्याचा विषय तिथेच संपेल. उलट सीओईपी एक नंबरवर आणि वालचंद दोनवर ठेवलं, आणि पुणं नाही मिळालं, तर वालचंदवरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. जागा गुणवत्तेवर मिळते. कॉलेज दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं म्हणून कुणी तिला मागे ढकलत नाही. म्हणजे ‘वालचंद हातचं जाऊ नये’ म्हणून ते वर टाकण्याची गरजच नाही. तिला ते पुण्यापेक्षा जास्त हवं असेल, तरच ते वर हवं.

आणि तसं असेल तर त्यात काहीही कमीपणा नाही. वालचंद १९४७ सालचं कॉलेज आहे, सीओईपी १८५४ सालचं. दोन्हीकडे शिकून मुलं नाव काढतात. घरी राहून शिकणारी मुलगी कच्ची आणि हॉस्टेलला जाणारी तेवढी धीट, असं मी कधीच म्हणणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की हा क्रम तिने लावला, की तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याने?

ते कळायला तिला एक विचारा: “समजा, बाबांची बदली झाली आणि आपण सगळेच पुण्याला राहायला गेलो, तर तुझ्या यादीत पहिलं कोण?” तिने तरीही वालचंद म्हटलं, तर आनंदाने तेच ठेवा. ती घुटमळली, किंवा हसून ‘मग काय, सीओईपीच की’ म्हणाली, तर ताई, ती घरच्या जेवणासाठी थांबत नाहीये. तुमच्यासाठी थांबतेय.

पैशाचं कारण यात आणू नका. तुम्ही ओबीसी आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचं लिहिलंय. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, सांगलीतही आणि पुण्यातही. त्यासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअरची कागदपत्रं आजच काढून बघा. फरक उरतो तो हॉस्टेल आणि मेसचा. तो झेपेल असं तुम्हीच लिहिलंय.

आता तुमच्याबद्दल. मुलं बाहेर पडायच्या वेळी आईबापांच्या पोटात कालवतं, ते जगजाहीर आहे. त्यातच सुटकाही असते, हे मात्र कुणी बोलत नाही. अठरा वर्षं एखाद्याच्या घड्याळावर उठल्यावर ते घड्याळ थांबणार म्हणून हायसं वाटणं हा गुन्हा नव्हे. डबा सुटेल म्हणून बरं वाटणारी आणि देवघरापाशी रडणारी बाई एकच आहे आणि दोन्ही वेळा ती खरीच आहे. अभिमान, भीती, पोकळी, थोडा मोकळा श्वास, हे सगळं एकाच दिवसात येऊन जातं. त्यातलं कुठलं खरं, हे ठरवत बसू नका.

मिस्टर काहीच बोलत नाहीत, अशी तुमची तक्रार आहे. पण न सांगता त्यांनी डोमिसाइलच्या, मार्कशीटच्या पाच-पाच झेरॉक्स काढून वेगवेगळ्या पाकिटांत घातल्या, हेही तुम्हीच लिहिलंय. माझ्यासमोर बसणारे कितीतरी वडील ब्रँचबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. ‘हॉस्टेलला गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं?’ एवढंच विचारतात. त्यांचं रडणं तसं बाहेर येतं. एकदा रात्री त्यांच्याजवळ बसा. दोघांनी हे एकमेकांपाशी बोललात, तर लेकीला तुमच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधावे लागणार नाहीत.

मग तिला सरळ सांगा. ‘मी खंबीर आहे, तू काळजी करू नकोस’ असलं काही नको, तिला ते खरं वाटणार नाही. म्हणा, “तू गेलीस की मला करमणार नाही, मी रडेन. पण ते माझं मी बघेन. तू त्यासाठी फॉर्म बदलायचा नाहीस.” आईला वाईट वाटतंय हे कळल्याने मुलं थांबत नाहीत. त्या वाईट वाटण्यावर इलाज आपणच करायचा, असं वाटलं की थांबतात.

आणि ती गेलीच, तर ‘गणपतीला येणार ना?’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात रोज विचारू नका. कोयना एक्सप्रेस मिरजेला थांबते आणि ते तिला माहीत आहे. लेकीच्या दहावीच्या वर्षी तुम्ही गणिताच्या शिकवण्या बंद केल्यात, असं ओघात लिहून गेलात. आठवी-नववीची चार मुलं परत घ्या. लेक गेली म्हणून वेळ घालवायला नको, तुम्हाला गणित शिकवायला आवडतं म्हणून घ्या.

आज संध्याकाळी फॉर्मची प्रिंट काढा, वरचा प्रश्न विचारा आणि लॉगिनचा पासवर्ड तिच्या हातात द्या. क्रम तिने एकटीने लावू दे. कन्फर्म करण्याआधी कोड आणि ब्रँच मात्र दोघींनी मिळून तपासा. एका कॉलेजच्या वेगवेगळ्या ब्रँचचे कोड दिसायला सारखेच असतात, आणि चुकीचा कोड कन्फर्म झाला तर त्या फेरीत तो बदलता येत नाही.