सगळं लायब्ररी करून देते, मग ब्रेसेनहॅम हाताने का सोडवायचा?

तुम्ही विचारलंय की लातूरला बीसीएला आहात, कॉम्प्युटर ग्राफिक्सचे अल्गोरिदम पाठ करून डोकं उठलंय, आणि तयार कोडच्या लायब्ररीत एका ओळीत रेघ काढून देणारं फंक्शन असताना ब्रेसेनहॅमसारखा रेघ काढायचा अल्गोरिदम शिकायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. पाठ मात्र करू नका. आलेख कागद आणा.

मी नांदेडला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केलं, भारनियमनाच्या दिवसांत. प्रॅक्टिकल चालू असताना लाइट गेली की टर्बो सीमध्ये (सी भाषेत प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) सेव्ह न केलेला प्रोग्राम गेला तो गेलाच. आमच्या मॅडमनी शेवटी बाकं खिडकीपाशी ओढायला लावली आणि आलेख कागद वाटले. एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. मला आईचं दोसुतीवरचं भरतकाम आठवलं. फुलीच्या टाक्यात तिरपी रेघ नसतेच, पायऱ्या असतात. कुठल्या चौकोनात फुली घालायची, एवढाच ब्रेसेनहॅमचा प्रश्न आहे.

(२,३) पासून (१०,८) पर्यंत रेघ काढून बघा. एक्समधला फरक ८, वायमधला ५. निर्णयाचा आकडा पी: ५ ची दुप्पट वजा ८, म्हणजे २. पी शून्य किंवा जास्त असेल तर तिरपं वर जा आणि पीमधून ६ (८ आणि ५ मधल्या फरकाची दुप्पट) वजा करा. ऋण असेल तर सरळ पुढे जा आणि १० (५ ची दुप्पट) मिळवा. पी असा चालतो: २, -४, ६, ०, -६, ४, -२, ८. आठ पावलं, त्यातली पाच तिरपी, आणि तुम्ही बरोबर (१०,८) वर पोचता. कुठेही भागाकार नाही, दशांश नाही.

पी शून्य येतो तिथे थांबा. तेव्हा एक्स ६ असताना खरी रेघ ५.५ वर असते, ५ आणि ६ च्या नेमकी मधोमध. दोन्ही चौकोन सारखेच जवळ, म्हणून आपण एक नियम ठरवून घेतो. हे मला कळलं त्या दिवशी सूत्र पाठ करायची गरज संपली. दुप्पट का करायची तेही तिथेच कळतं: अर्ध्याचा अपूर्णांक टाळायला.

जॅक ब्रेसेनहॅम यांनी हे १९६२ साली आयबीएममध्ये कॅलकॉम्प प्लॉटरसाठी (पेनाने कागदावर रेघा काढणारं यंत्र) बसवलं, छापून आलं १९६५ मध्ये. त्या प्लॉटरचं पेन आठच दिशांना एकेक पाऊल सरकायचं, त्यामुळे प्रत्येक पावलाला फक्त बेरीज आणि चिन्ह तपासणं एवढंच पुरत होतं. आजही आर्डुइनोला (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) जोडलेल्या छोट्या डिस्प्लेवर रेघ काढणाऱ्या लायब्ररीत बहुधा हाच कोड सापडतो. एकदा उघडून वाचा, ओळखीचा वाटेल.

कोहेन-सदरलँड क्लिपिंगसाठीही, म्हणजे चौकटीबाहेर जाणारी रेघ कापायलाही, कागदच घ्या. चौकटीच्या कडा वाढवल्या की पडणारे नऊ भाग, प्रत्येकाला चार बिटांचा कोड. दोन टोकांच्या कोडचा अँड (दोन्हीकडे १ असेल तिथेच १) शून्य नसेल तर रेघ पूर्ण बाहेर. एका तासात होतं.

फ्लड फिल, म्हणजे बंद आकारात रंग भरणं, मात्र मशीनवरच करा, आणि आधी रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावून. छोटा चौकोन सुरेख भरतो, मोठं वर्तुळ भरायला गेलं की टर्बो सीमध्ये प्रोग्राम कोसळतो, कारण प्रत्येक पिक्सेलमागे एक कॉल स्टॅकवर (अर्धवट कामांच्या चळतीवर) चढत जातो. डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला शिकलेला स्टॅक मला खरा समजला तो इथे. मग तोच प्रोग्राम रांग (क्यू) वापरून लिहा.

परीक्षेत कोड थोडा चुकला तरी चालेल, पण एक्स, वाय आणि पीचा तक्ता पूर्ण मांडा. आणि आज रात्री (२,३) ते (७,११) काढा. इथे उतार १ पेक्षा जास्त आहे, म्हणून एक्स आणि वायची कामं बदलतात. पहिला पी पुन्हा २ आला तर वाट बरोबर आहे.