आईची गोळी आणि मुलीचा विषय

महोदय,

खानापूरहून लिहिलेले आपले पत्र मिळाले. आपली कन्या बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झाल्यापासून विकरांना, म्हणजे एन्झाइमना, अडवणारी औषधे प्रतिकारपेशींचे काय करतात याच विषयात तिला पुढे शिकायचे आहे, आणि यात पोट भरेल का, असे आपण विचारता.

तिने धागा नेमका पकडला आहे. कर्करोगात मोठ्या मात्रेत दिलेले मेथोट्रेक्सेट डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराला अडवते, त्यामुळे डीएनएचा कच्चा माल तुटतो आणि पेशींचे विभाजन थांबते. संधिवातात तीच गोळी आठवड्यातून एकदाच, कमी मात्रेत देतात आणि जोडीला ही तूट भरून काढणारे फॉलिक आम्लही देतात, तरी गुण येतो. कारण इथे दुसरेच एक विकर अडून ॲडिनोसिन नावाचे रसायन साठते व ते प्रतिकारपेशींना शांत होण्याचा संकेत देते, असे मानले जाते. रॅपामायसिन हे औषध तर याहून चकवणारे आहे: पेशींच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या एमटॉर या विकराला अडवून ते टी पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिकारपेशींची, वाढ रोखते, म्हणून मूत्रपिंड रोपणानंतर देतात, पण २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत कमी मात्रेने स्मृती टी पेशी, म्हणजे आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या टी पेशी, उलट वाढल्या.

त्यामुळे औषधांची नावे पाठ करून इथे निभाव लागत नाही, मोजमाप यावे लागते. काचपट्टीवर ट्रायपॅन ब्लू मिसळलेल्या पेशी पाहिल्या, की मेलेल्या निळ्या दिसतात आणि जिवंत कोऱ्या राहतात. निरोधकाने, म्हणजे विकर अडवणाऱ्या औषधाने, पेशी मारल्या की नुसत्या थोपवल्या, याचा पहिला अंदाज तिथे येतो. चार तास अशा पेशी मोजूनही ती कंटाळली नाही, तर माझ्या मते निम्मा निर्णय झाला. (गणिताला घाबरत असेल, तर ती भीती मात्र आताच घालवावी.)

एम.एस्सी. जीवरसायनशास्त्रात किंवा जैवतंत्रज्ञानात करावी. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ दोन्ही आपल्याला जवळ आहेत. जॅम या एम.एस्सी.च्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतील जैवतंत्रज्ञानाचा पेपरही द्यावा. प्रवेश घेताना विद्यापीठाच्या नावापेक्षा शेवटच्या सत्रात पेशीसंवर्धनावर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यावर, प्रकल्प मिळतो का, हे आधी विचारावे. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन आहे. संशोधन नको असेल, तर बंगळूरच्या जैवऔषध कंपन्यांत चाचणी विभागाच्या नोकऱ्या असतात. दहावीपर्यंतच्या मराठी माध्यमाची आपली चिंता मला फारशी पटत नाही, कारण या विषयाची परिभाषा सगळ्यांनाच नव्याने शिकावी लागते.

बेळगावातच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. सहामाही परीक्षा संपताच तिने आपल्या प्राध्यापकांचे पत्र घेऊन तिथे जावे आणि सुट्टीत काही दिवस काम पाहू द्याल का, असे विचारावे.