मक्यावर वाल चढवायचाय? मग आधी मका गुडघ्याला लागू द्या

"मक्यावर वालाचा वेल सोडला तर मका पडतो का? की मांडवच करावा?" असं तुम्ही विचारलंय. पडतो, पण तो दोन्ही एकदम पेरल्यामुळे. वालाला कुणी नावं ठेवली की मला राहवत नाही.

२०१९ साली बांधाकडच्या चार तासांत, म्हणजे ओळींत, आम्ही मका आणि वाल एकाच दिवशी टोकले. मी म्हणत होते, वाल मागून टोकू. दीर म्हणाले, "वहिनी, एका कामाला दोनदा बाया कशाला लावायच्या?" पोळ्यापर्यंत वेल तुऱ्याच्या वर निघाले आणि या ताटावरून त्या ताटावर गेले. कणसं भरत होती, तेवढ्यात एका रात्री वारं-पाऊस झाला. सकाळी चारही तास आडवे. एक ताट उचलावं तर पाच उपटून येत होती. कणसं चिखलात, दाण्यांना कोंब. घरात ठरलं, वहिनींच्या वालानं मका घालवला.

पुढच्या वर्षी मी दोनच तास मागून घेतले. मका गुडघ्याएवढा झाला, खुरपून मातीची भर लावली आणि मग दर तिसऱ्या ताटाच्या बुडाशी, वीतभर सोडून, एकेक बी टोकलं. गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, तोवर मक्याचं काम उरकतं. ऑक्टोबरात कणसं खुडली, ताटं उभीच ठेवली. वाळलेलं ताट पुढं दम धरत नाही, म्हणून सासूबाईंच्या पद्धतीनं मधेमधे वेलाच्या आधाराला एरंड लावला होता. भोगीच्या भाजीला शेंगा घरच्याच होत्या. दिरांनी भाजी दोनदा घेतली, पण २०१९ चा विषय निघाला की अजून वालालाच बोल लावतात.

मांडव बाजारासाठी वाल करणाऱ्यानं करावा. आणि वाल आहे म्हणून मक्याचा युरिया तोडू नका. वालाच्या मुळांवरच्या गाठींतलं नत्र बहुतेक वालच वापरतो, उरलेलं मुळं कुजल्यावर पुढच्या पिकाला मिळतं.

हो, एक राहिलंच. मक्यावर लष्करी अळीसाठी फवारलं असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत शेंग तोडू नका. एरंडाच्या बिया विषारी असतात, पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. दिरांचा आणखी एक मुद्दा आहे, वैरणीचा; तो मात्र खरा आहे. ताटं उभी राहिली की तेवढी वैरण जाते आणि रब्बीला रानही अडतं. म्हणून बांधाकडचे दोनच तास धरा.