थायरॉक्सिन (थायरॉइड कमी असल्यास देतात ती हार्मोनची गोळी) चालू आहे, सोबत सेलेनियम या खनिजाची गोळी घेऊ का?

स्वतःच्या मनाने नको. टी४ (म्हणजेच थायरॉक्सिन) चं टी३ हे जास्त प्रभावी हार्मोन करणाऱ्या एन्झाइमना सेलेनियम लागतं हे खरं, पण किती? प्रौढाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. अंडी, मासे, गहू, डाळी पोटात जात असतील तर बहुतेकांना ते ताटातूनच मिळतं. गोळीत बऱ्याचदा २०० असतात. वर रोज ब्राझील नट खाल्ले (एकातच ७०-९० असू शकतात) तर हिशेब बिघडलाच. जास्त झालं की नखं ठिसूळ होतात, तोंडाला लसणासारखा वास येतो, केस गळतात. आणि केस गळतात म्हणूनच तर कित्येक जण ही गोळी सुरू करतात! ग्रेव्हजमुळे (थायरॉइड जास्त काम करू लागण्याचा एक आजार) डोळ्यांना सौम्य त्रास असेल तर डॉक्टर सहा महिने देतात, ती गोष्ट वेगळी. थायरॉक्सिन मात्र सेलेनियम घेताय म्हणून बंद करू नका.