‘बॅलट मेझर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या काही राज्यांत आमदारांचा पगार वाढवायचा की नाही हे मतदार ठरवतात. या ‘बॅलट मेझर’ला ‘सार्वमत’ म्हणावं की ‘जनमत कौल’?

दोन्ही शब्द उत्तम, पण ‘मेझर’ म्हणजे त्यांपैकी काहीच नव्हे. मेझर म्हणजे मतपत्रिकेवर छापलेला, होकार-नकाराची खूण मागणारा मजकूर. मराठीत तो सरळ ‘प्रस्ताव’. त्यावर लोकांचं मतदान घेणं म्हणजे सार्वमत आणि लोकांनी दिलेलं उत्तर म्हणजे कौल. देवळातही आधी गाऱ्हाणं घालतात, कौल मागाहून मिळतो. गोव्यातल्या १६ जानेवारी १९६७च्या मतदानाला ‘जनमत कौल’ म्हणतात, कारण महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावर लोकांचा कौलच घ्यायचा होता. म्हणून ‘प्रस्तावावर सार्वमत झालं, कौल विरोधात गेला’ हे बरोबर. ‘सार्वमत फेटाळलं’ हे चूक. फेटाळला जातो तो प्रस्ताव. यांत्रिक भाषांतरातला ‘मतपत्रिका उपाय’ तर कुणालाच कळायचा नाही.

प्रस्ताव कसला, हे मात्र राज्य पाहून लिहावं. नेब्रास्कात पगाराची मर्यादा राज्यघटनेतच आहे: महिन्याला १,००० डॉलर, तीही १९८८ पासूनची. ती बदलायची तर ४९ जणांच्या सभागृहात तीन-पंचमांश, म्हणजे ३० मतं लागतात आणि मग सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची मंजुरी. तिथे ‘घटनादुरुस्तीचा प्रस्ताव’ म्हणायला हवं. ॲरिझोनात वेतन आयोग शिफारस करतो आणि ती मतदारांपुढे जाते. घटनेचा मजकूर बदलत नाही, म्हणून तिथे ‘वेतनवाढीचा प्रस्ताव’ पुरे. ‘विधेयक’ दोन्हीकडे चुकीचं. आपल्याकडे आमदारांचे पगार विधिमंडळच कायदा करून ठरवतं, त्यासाठी १९५६चा कायदा आहे, म्हणून हात सवयीने त्या शब्दाकडे जातो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्रत्ययात. ॲरिझोनात २०१४ साली वार्षिक २४,००० डॉलरचा पगार ३५,००० करण्याचा प्रस्ताव होता. ‘पगार ३५,००० डॉलरने वाढवण्याचा प्रस्ताव’ असं लिहिलं, तर तो ५९,०००वर जातो! वाढ ११,०००ची होती. ‘-वरून’ आणि ‘-वर’ ही जोडी वापरावी: ‘२४,०००वरून ३५,०००वर नेण्याचा प्रस्ताव’. शिवाय ‘वार्षिक’ हा शब्द गाळू नये. आपला वाचक आमदाराचा पगार महिन्याच्या हिशोबानेच वाचतो.

‘पगार’ की ‘मानधन’? बातमीत ‘पगार’, कायद्याच्या भाषेत ‘वेतन’. सरपंचांना किंवा अंगणवाडी सेविकांना मिळतं ते ‘मानधन’, त्यात पूर्ण मोबदला नाही हे गृहीत असतं. न्यू हॅम्पशायरमध्ये १८८९ पासून दोन वर्षांच्या कार्यकाळाला २०० डॉलर मिळतात. तिथे ‘मानधन’ चपखल बसतं. इतरत्र पगार कमी आहे म्हणून ‘मानधन’ लिहिलं, तर मतदारांपुढचा वादच आपण शब्दात निकाली काढतो. प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे हा ‘भत्ता’, तो पगारात मिळवू नये.

राहिला ‘आमदार’. नेब्रास्कात एकच सभागृह आहे आणि सदस्यांना सिनेटर म्हणतात. मराठीत नुसतं ‘सिनेटर’ लिहिलं की वाचक वॉशिंग्टनला, म्हणजे देशाच्या सिनेटमध्ये पोचतो. आपला ‘आमदार’ विधानसभेचाही असतो आणि विधान परिषदेचाही, त्यामुळे तोच घ्यावा: ‘नेब्रास्का: आमदारांचा वार्षिक पगार १२,०००वरून २२,५०० डॉलरवर नेण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला’. २०१२च्या निकालाचा हा मथळा असाच व्हायला हवा.